भिजलेल्या मदरबोर्डचे निदान

लॅपटॉपच्या कळफलकावर चहाचा कप कलंडला, की पुढच्या काही क्षणांत जे केले जाते त्यावर त्या यंत्राचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते. बहुतेक माणसे आधी टेबल पुसतात, मग कळफलक पुसतात. पडदा अजून उजळलेला आहे, अक्षरे उमटत आहेत, हे पाहून त्यांना हायसे वाटते आणि ती काम पुढे चालू ठेवतात. घोटाळा नेमका येथेच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कळ दाबली तरी दिवा लागत नाही. यंत्र दुकानात नेले, की गल्ल्यावर बसलेला मनुष्य ते हातात घेतो, चार्जर लावून पाहतो आणि दोन शब्दांत निकाल देतो : ‘बोर्ड गेला.’

हे दोन शब्द ऐकणाऱ्याला फार महाग पडतात. मदरबोर्ड म्हणजे लॅपटॉपच्या आतली ती मुख्य पट्टी, जिच्यावर प्रोसेसर, स्मृती आणि वीजपुरवठ्याचे शेकडो लहानमोठे भाग डाख देऊन बसवलेले असतात. ती बदलायची तर खर्च मोठा. त्यातून अलीकडच्या काही पातळ यंत्रांत माहिती साठवणाऱ्या चिपादेखील मदरबोर्डवरच कायमच्या बसवलेल्या असतात आणि त्यांतील मजकूर त्याच बोर्डशी बांधलेल्या सांकेतिक कुलपात असतो. असा बोर्ड गेला याचा अर्थ एखाद्याचा वर्षभराचा हिशेब गेला, एखादीचा अपुरा प्रबंध गेला, लग्नाची छायाचित्रे गेली. म्हणून ‘बोर्ड गेला’ हे वाक्य तपासणीच्या अखेरीस उच्चारले तरच त्याला किंमत आहे. आरंभी उच्चारले तर तो केवळ आळस होय.

दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट या बाजारांत ‘चिप लेव्हल’ दुरुस्ती करणारे कारागीर बसतात. संपूर्ण बोर्ड न बदलता त्यावरील नादुरुस्त भाग तेवढा शोधून काढणे हे त्यांचे काम. त्यांच्यापैकी जो खरा जाणकार असतो, त्याच्या कामाचा मोठा हिस्सा डाख देण्यात जात नाही, शोधण्यात जातो. हा शोध कसा चालतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

पाण्याने यंत्र बिघडते असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः अतिशुद्ध पाणी हे विजेचे फार दुर्बळ वाहक आहे. वीज वाहून नेतात ते पाण्यात विरघळलेले क्षार. नळाच्या पाण्यात ते असतात, चहात आणि दुधात ते अधिक असतात, शीतपेयात आम्लही असते, आणि साखरेचा चिकट थर ओलावा धरून ठेवतो. असा द्रव बोर्डवर पसरला आणि त्या वेळी बोर्डमध्ये वीज खेळत असली, म्हणजे विद्युत-अपघटन सुरू होते. धन बाजूच्या वाहकावरील तांबे विरघळू लागते आणि ते कण ऋण बाजूकडे जाऊन झाडाच्या फांद्यांसारखे साचू लागतात. या धातूच्या फांद्या वाढत वाढत दोन वाहकांमधले केसाएवढे अंतर भरून काढतात. यंत्र चालू राहिले तर हे काम मिनिटामिनिटाला पुढे सरकते. वीज तोडलेली असेल तर ते जवळजवळ थांबते. द्रव सांडताक्षणी चार्जर काढावा, यंत्र बंद करावे आणि शक्य असल्यास बॅटरी सोडवावी, असे सांगतात त्याचे कारण हे. तांदळाच्या डब्यात यंत्र पुरून ठेवण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो. पण पाणी वाळले तरी क्षार आणि साखर बोर्डवरच राहतात, आणि तांदळाची भुकटी आत जाते ती वेगळीच.

द्रवामुळे होणारी हानी दोन प्रकारची असते. एका प्रकारात तांब्याची वाट कुरतडली जाते आणि प्रवाह तुटतो. दुसऱ्या प्रकारात, जेथे वाट नको तेथे वाट तयार होते. शालेय पुस्तकांत याला लघुपरिपथन म्हणतात; दुकानांत त्याला नुसते ‘शॉर्ट’ म्हणतात. वीज आपले नेमून दिलेले काम करण्याऐवजी या आडवाटेने थेट ग्राउंडला, म्हणजे पुरवठ्याच्या ऋण टोकाला, जाऊन मिळते. पुष्कळ लॅपटॉपांचा चार्जर १९.५ व्होल्ट दाबाने ३.३३ अँपियरपर्यंत विद्युतधारा देऊ शकतो. म्हणजे सुमारे ६५ वॅट. शॉर्ट झालेला बोर्ड त्याहून कितीतरी अधिक धारा मागतो, तेव्हा चार्जर किंवा बोर्डवरील संरक्षक मंडल पुरवठाच बंद करते. यंत्र मेल्यासारखे दिसते, पण पुष्कळदा ते मेलेले नसते. त्याने स्वतःला वाचवण्यासाठी दार लावून घेतलेले असते.

जाणकार कारागीर यंत्र उघडण्यापूर्वी गिऱ्हाइकाला प्रश्न विचारतो. ‘ताई, पाणी होते की चहा? त्या वेळी चार्जर लावलेला होता का? सांडल्यावर किती वेळ चालू होते? नंतर पुन्हा कधी चार्ज करून पाहिले?’ गिऱ्हाईक संकोचते. ‘काही सांडले नाही, आपोआप बंद पडले,’ असे सांगणारेही पुष्कळ असतात. पण उत्तरांत थोडाफार खोटेपणा असला, तरी आतली खूण बोलते. अनेक यंत्रांत पांढऱ्या कागदाच्या बारीक टिकल्या चिकटवलेल्या असतात. ओल लागली की त्या तांबड्या होतात.

यंत्र उघडल्यावर पहिले काम बॅटरी सोडवण्याचे. तिच्या आत द्रव गेला असेल किंवा ती फुगली असेल, तर ती पुन्हा चार्ज करू नये. लिथियमची बॅटरी पेट घेते. मग बोर्ड बाहेर काढून भिंगाखाली पाहिला जातो. हिरवट-निळसर बुरशीसारखा थर म्हणजे तांब्याचे क्षार. पांढरी भुकटी, काळा पडलेला ठिपका, कडेला उडालेला कपॅसिटर, चिपेच्या काठाशी साचलेला तपकिरी ओघळ, अशा खुणा टिपून ठेवायच्या. येथे एक सावधगिरी हवी. जेथे घाण अधिक, तेथेच शॉर्ट असेल असे नाही. द्रव चिपांच्या पोटाखाली केशाकर्षणाने ओढला जातो आणि तेथे दिसेनासा होतो. वर हिरवे झालेले एखादे टोक निरुपद्रवी ठरते आणि चार बोटे पलीकडचा लख्ख दिसणारा भाग आतून जळालेला निघतो. नवखा कारागीर घाण दिसते तेथील भाग बदलत सुटतो आणि दिवसभर राबूनही बोर्ड होता तसाच राहतो. डोळे संशय घेऊ शकतात. निवाडा मीटरच देतो.

मीटर काय मोजतो हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. जर्मनीतील कोलोन येथे शाळेत शिकवणाऱ्या गेऑर्ग सायमन ओहम याने १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, वाहकातून वाहणारी धारा ही त्यावरील दाबाच्या प्रमाणात असते आणि रोधाच्या व्यस्त प्रमाणात असते. दाब तोच ठेवून रोध निम्मा केला, तर धारा दुप्पट होते. रोध जवळजवळ शून्य झाला, तर धारा अनावर होते. शॉर्ट म्हणजे हा रोध हरवणे. मल्टिमीटर स्वतःची अल्पशी वीज पाठवून दोन टोकांमधला रोध सांगतो. मात्र त्या वेळी बोर्डवर दुसरी कोणतीही वीज असता कामा नये.

बोर्डवर एकच दाब नसतो. आत येणारे १९ व्होल्ट प्रथम मुख्य वाहिनीत जातात. तेथून वेगवेगळी मंडले ते उतरवतात : सदैव जाग्या असणाऱ्या भागांसाठी ५ आणि ३.३ व्होल्ट, डीडीआर ४ जातीच्या स्मृतीसाठी १.२ व्होल्ट, प्रोसेसरसाठी सुमारे १ व्होल्ट. दाब उतरवणाऱ्या प्रत्येक मंडलाजवळ राखी किंवा काळ्या चौकोनी ठोकळ्यासारखी एक कॉइल असते. ही कॉइल म्हणजे त्या त्या वाहिनीची वेस समजावी. मीटरचे एक टोक ग्राउंडला आणि दुसरे एकेका कॉइलला लावीत गेले, की कोणत्या वाहिनीत शॉर्ट आहे हे काही मिनिटांत कळते. त्याआधी मीटरची दोन टोके एकमेकांना टेकवून पाहावी. तेव्हाही ०.२ ओहमच्या आसपास आकडा दिसतो. तो रोध तारांचा. तो वजा केल्याशिवाय बारीक मापनाला अर्थ नाही.

पण आकडा वाचणे आणि आकड्याचा अर्थ लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या व्यवसायातील बहुतेक चुका दुसऱ्या गोष्टीत होतात. मुख्य १९ व्होल्टच्या वाहिनीवर हजारो ओहम दिसावेत. तेथे अर्धा ओहम दिसला तर शॉर्ट निश्चित. तोच अर्धा ओहम प्रोसेसरच्या वाहिनीवर दिसला, तर तो निरोगी असू शकतो. मोठ्या प्रोसेसरात अब्जावधी ट्रान्झिस्टर शेजारी शेजारी जोडलेले असतात, त्यामुळे त्याचा रोध मुळातच काही ओहम, कधी एका ओहमहूनही कमी असतो. मीटर ‘बीप’ करतो, नवखा कारागीर ‘प्रोसेसर शॉर्ट’ म्हणून चिठ्ठी लावतो आणि धडधाकट बोर्ड भंगारात जातो. तापलेल्या अंगाला ताप म्हणायचे की उन्हातून आल्याची उष्णता म्हणायचे, हे वैद्याला कळावे लागते, तसेच हे आहे. म्हणून अनुभवी माणूस त्याच जातीच्या चांगल्या बोर्डवरील आकडे वहीत लिहून ठेवतो आणि शेजारी ठेवून ताडतो. अशी वर्षानुवर्षे भरलेली वही दुकानातल्या कोणत्याही यंत्राहून मोलाची असते.

आणखी एक फसवणूक कपॅसिटर करतात. मीटर लावताच ते भरू लागतात, त्यामुळे पहिल्या क्षणी रोध शून्याजवळ दिसून हळूहळू वर चढतो. बीप ऐकताच टोक उचलणाऱ्याला हा चढ दिसतच नाही.

आता समजावे की, मुख्य वाहिनीवर ०.३ ओहम आकडा मिळाला आणि तारांचा रोध वजा जाता ०.१ ओहम उरला. शॉर्ट आहे. पण कुठे? या वाहिनीवर डझनांनी कपॅसिटर एकमेकांना समांतर जोडलेले असतात. दाबातील चढउतार पचवणे हे त्यांचे काम. प्रत्येकाचे एक टोक वाहिनीला, दुसरे ग्राउंडला. कोणत्याही कपॅसिटरवर मीटर लावले तरी तोच ०.१ ओहम दिसतो. वाड्याच्या सामायिक टाकीला कुठेतरी गळती लागली, की सगळ्याच बिऱ्हाडांच्या नळांचे पाणी जाते. कोणत्याही एका नळाकडे पाहून गळतीची जागा सांगता येत नाही. येथेही तसेच.

बहुस्तरीय सिरॅमिक कपॅसिटर हा या गुन्ह्यातला नेहमीचा संशयित. त्याच्या एवढ्याशा अंगात सिरॅमिक आणि धातू यांचे पातळ थर एकाआड एक रचलेले असतात. बोर्ड वाकल्याने त्यात तड जाते, तडीत ओल आणि क्षार शिरतात, थर एकमेकांना भिडतात, आणि जो भाग वीज अडवून धरण्यासाठी बसवला तोच वीज सोडून देऊ लागतो. बाहेरून तो पूर्वीसारखाच तपकिरी आणि गुळगुळीत दिसतो. कित्येकदा त्याचे माप १ मिलिमीटर बाय अर्धा मिलिमीटर एवढेच असते. मोहरीच्या दाण्याएवढ्या या तुकड्यापायी सबंध यंत्र अडून बसलेले असते.

गळतीची जागा शोधण्याची युक्ती उष्णतेची आहे. जेम्स प्रेस्कॉट जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली दाखवून दिले की, वाहकात निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. शॉर्ट झालेल्या वाहिनीत बाहेरून थोडी वीज मुद्दाम सोडली, तर ती सगळी त्या आडवाटेनेच जाईल आणि आडवाटच तापेल. तांब्याच्या रुंद वाटांचा रोध अत्यल्प, त्यामुळे त्या फारशा तापत नाहीत. बिघडलेल्या कपॅसिटरचा रोध थोडा, पण वाटांहून अधिक. म्हणून उष्णता तेथे एकवटते. दुकानांत ज्याला ‘डीसी सप्लाय’ म्हणतात ते यंत्र १ व्होल्टवर ठेवून त्याची धारेची मर्यादा १ अँपियरपासून हळूहळू वर नेतात. १ व्होल्टवर ५ अँपियर म्हणजे ५ वॅट. एवढ्या लहान तुकड्यावर त्यातला बराचसा भाग पडला, की तो क्षणात हाताला चटका देण्याइतका गरम होतो.

हे वाचायला सोपे वाटते. परंतु या टप्प्यावर निष्काळजी हाताने जितके बोर्ड कायमचे मारले गेले असतील तितके चहाने मारले नसतील. सोडलेला दाब त्या वाहिनीच्या नेहमीच्या दाबाहून कधीही अधिक असू नये. १ व्होल्टच्या वाहिनीवर ५ व्होल्ट सोडले, तर शॉर्ट सापडण्याआधी प्रोसेसर जळेल. धन-ऋण टोकांची अदलाबदल झाली तरी तोच परिणाम. आणि वीज सोडण्यापूर्वी एक मोजणी केलीच पाहिजे. दाब उतरवणाऱ्या मंडलात मॉसफेट नावाचे दोन स्विच असतात. त्यांतला वरचा स्विच मुख्य वाहिनीला जोडलेला असतो. तो जळून कायमचा मिटला, तर मुख्य वाहिनी थेट प्रोसेसरच्या वाहिनीला मिळते. मग मुख्य वाहिनीवर मीटरला शॉर्ट दिसतो, पण तो असतो प्रोसेसरचा स्वतःचा अल्प रोध. अशा वेळी मुख्य वाहिनीत सोडलेली वीज प्रोसेसरमध्ये उतरते. म्हणून मुख्य वाहिनी आणि प्रत्येक कॉइल यांच्यामधला रोध आधी तपासावा. हा स्विच चालू यंत्रात मिटलेला असेल, तर १९ व्होल्ट आधीच प्रोसेसरवर जाऊन गेलेले असतात आणि तो बहुधा वाचलेला नसतो.

तापलेली जागा दिसते कशी? ज्यांच्याकडे उष्णता टिपणारा कॅमेरा आहे, त्यांना पडद्यावर पांढरा ठिपका दिसतो. मात्र चकचकीत धातूचा पृष्ठभाग या कॅमेऱ्याला चकवतो. तो असतो त्याहून थंड दिसतो आणि आसपासच्या उष्ण वस्तूंचे प्रतिबिंब दाखवतो. कॅमेरा नसला तरी काम अडत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर बोर्डवर सोडला, की जेथे उष्णता आहे तेथे तो सर्वांत आधी उडून जातो आणि ओल्या बोर्डवर एक कोरडे बेट उमटते. काही कारागीर सोल्डरिंगच्या गरम टोकावर राळ धरून तिचा धूर बोर्डवर देतात. पांढुरकी साय चढते आणि तापलेल्या भागावरची साय तेवढी वितळून पारदर्शक होते. अल्कोहोल वापरताना खिडकी उघडी हवी आणि जवळ ज्योत किंवा ठिणगी नको, कारण १२ अंश सेल्सियसच्या आसपासच्या तापमानालाही त्याची वाफ पेट घेऊ शकते.

कधी रोध इतका कमी असतो की शॉर्टची जागा तापतच नाही. उलट वीज सोडणाऱ्या तारा तापू लागतात. तेव्हा वीज चालू ठेवून मिलिव्होल्टमध्ये दाब मोजीत पुढे सरकावे लागते. उतारावरचे पाणी जसे खोलगट जागेकडे जाते, तसा वाहिनीवरचा दाब शॉर्टच्या दिशेने थोडा थोडा उतरत जातो आणि जेथे तो सर्वांत कमी, तेथे गुन्हेगार असतो. हे काम चिकाटीचे आहे. घाईच्या दुकानात ते क्वचितच होते.

संशयित सापडला, की गरम हवेने तो उचलायचा आणि पुन्हा मीटर लावायचा. आकडा ०.३ वरून हजारो ओहमवर उडी मारतो, तेव्हा निदान सिद्ध झाले. आकडा हलला नाही, तर संशय चुकला होता, हे मान्य करून पुन्हा शोधावे. नवा कपॅसिटर निवडताना अडचण अशी की, या जातीच्या कपॅसिटरवर काहीही छापलेले नसते. त्याचे मूल्य बोर्डच्या नकाशातून किंवा त्याच जातीच्या दुसऱ्या बोर्डवरून घ्यावे लागते, आणि १९ व्होल्टच्या वाहिनीवर किमान २५ व्होल्ट सहन करणारा बसवावा लागतो.

शॉर्ट गेला म्हणजे काम संपले नाही. क्षार अजून बोर्डवर आहेत. मऊ ब्रश आणि अल्कोहोल यांनी, किंवा स्वनातीत लहरींच्या टाकीत, बोर्ड धुऊन पूर्ण वाळवावा लागतो. कुरतडलेल्या वाटा बारीक तारेने जोडाव्या लागतात. पडद्याच्या जोडणीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. काही यंत्रांत तेथे पडद्याच्या प्रकाशासाठीचा उच्च दाब आणि माहितीच्या नाजूक तारा अगदी शेजारी असतात, आणि घाण शिल्लक राहिली तर सुधारलेला बोर्ड पहिल्याच दिवशी पुन्हा जळतो. चार्जर लगेच लावीत नाहीत. आधी डीसी सप्लायवर धारेची मर्यादा घालून बोर्ड जागा करतात. निजलेला बोर्ड फारच थोडी धारा घेतो. कळ दाबताच काटा चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. हा चढउतार म्हणजे प्रोसेसरने काम सुरू केल्याची खूण.

प्रत्येक बोर्ड असा उठतोच असे नाही. प्रोसेसरच्या आत शॉर्ट असेल, किंवा बोर्डच्या आतील थर जळून कोळसा झाला असेल, तर ‘बोर्ड गेला’ हे उत्तर बरोबर असते. फरक इतकाच की, मग कारागीर कोणत्या वाहिनीवर किती रोध मिळाला आणि काय काढून पाहिले हे दाखवू शकतो, आणि गिऱ्हाइकालाही तसे विचारता येते. ज्या यंत्रात साठवणीचा भाग वेगळा काढता येतो, त्यातली माहिती अशा वेळीही दुसऱ्या यंत्रावर वाचता येते. तो भाग गिऱ्हाइकाने आठवणीने परत मागून घ्यावा.

दुरुस्त झालेले यंत्र हाती आले, तरी चिपांच्या पोटाखाली कितीसा क्षार उरला आहे हे कोणालाच दिसत नाही. पावसाळ्यात, विशेषतः किनारपट्टीच्या दमट हवेत, तो पुन्हा ओल धरतो आणि कुरतडणे पुढे चालू होते. सहा महिने चालेल, सहा वर्षे चालेल किंवा आठवड्यात थांबेल. म्हणून यंत्र घरी आणल्यावर पडदा उजळला, की त्याच दिवशी, इतर कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी, आतील सगळ्या मजकुराची नक्कल दुसऱ्या जागी उतरवून घेतात.